रॅकवाले नाना

डब्ल्यूएलएल, म्हणजे बिनतारी टेलिफोन, आलं तेव्हा अख्खं गाव माना वर करून टॉवर बघत होतं. नाना तेवढे पायथ्याच्या खोलीत उकिडवे बसून, जिभेचं टोक दातांत धरून, रॅकला पाणसळ लावत होते. सरपंचांनी कौतुकानं विचारलं, "बिनतारेचा आवाज येतो कसा हो?" नाना मान न वळवता म्हणाले, "तो येईल. रॅक कलला तर मात्र काही खरं नाही."

प्रत्येक एक्स्चेंजात असा एक नाना असतोच. टेलिफोन ही त्याच्या लेखी रॅकला झालेली बाधा.

आमची यंत्रणा कॉर्डेक्ट, आयआयटी मद्रासला घडलेली. एका बेस स्टेशनवर एका वेळी १२ जण बोलणार, मध्ये आडकाठी नसेल तर १० किलोमीटरवरून. आम्ही पोरं या आकड्यांवर खूश. नानांचे आकडे निराळे. रॅक १९ इंची, आणि एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर.

"पंचेचाळीस धरा की," मी एकदा बोलून गेलो.

"बेचाळीस यूच्या रॅकला किती फरक पडतो, कर गुणाकार."

केला. २३ मिलिमीटर.

"अर्धा यू! तो कुठं ठेवशील, खिशात?"

वीज उणे ४८ व्होल्टची, अधिक टोक अर्थला. ही उलटी तऱ्हा जमिनीतल्या तांब्याच्या तारा झिजू नयेत म्हणून पडलेली. पण आमच्या गिऱ्हाइकाला तारच नव्हती, मग कशाला? "घराण्याची रीत आहे," नाना म्हणाले.

त्यांचा खरा जीव केज नटात. पोलादी पत्र्याच्या पिंजऱ्यात कोंडलेला एवढासा नट. पिंजऱ्याचा एक कान रॅकच्या चौकोनी भोकात अडकवायचा, दुसरा स्क्रूड्रायव्हरनं दाबून आत ढकलायचा. दाब जरा चुकला की टिंग! नट गेला. "कुणी पाय हलवू नका!" नाना ओरडायचे. मग तिघं माणसं गुडघ्यांवर, गाल फरशीला लावून, बॅटरी मारत. अशाच एका शोधात पाटलांचा माणूस दारात उभा राहिला. त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबाला पालवी फुटली होती आणि फोनचा भिंतीवरचा वॉलसेट मुका झाला होता.

"कडुलिंब आपल्या रॅकात येत नाही," नाना फरशीवरूनच म्हणाले, "आधी चप्पल काढा. आणि तिच्याखाली बघा."

चपलेखालीही नट नव्हता. नानांनी वहीत नोंद केली, 'केज नट १, बेपत्ता', आणि खाली तारखेसह सही ठोकली. संध्याकाळी मी अँटेना हातभर सरकवून पाटलांचा फोन चालू केला. त्याची नोंद कुठंच झाली नाही.

पुढं घरोघर मोबाइल आले, वॉलसेट माळ्यावर गेले, नाना निवृत्त झाले. रॅक भंगारात निघाला त्या दिवशी मी हजर होतो. हमालांनी तो उचलला आणि पुढच्या पायाखाली धुळीत काहीतरी चमकलं. मी तिथूनच नानांना फोन लावला.

"नाना, तो नट सापडला."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं गहिवरले.

"स्क्रू लावून बघ आधी," आवाज आला. "एम-सिक्स आहे ना? एम-फाइव्ह असला तर तो आपला नव्हे."