मुखपृष्ठं पंधरा, मजकूर एक

मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या ‘एंटरटेनमेंट वीकली’ नियतकालिकाने ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ या सुपरहीरोपटासाठी एकाच अंकाची 15 मुखपृष्ठं काढली. प्रत्येकावर वेगळे वीर, आत मजकूर तोच. आयर्न मॅन घेतला की कॅप्टन अमेरिका रुसणार, आणि थॉरला एकटं कसं टाकायचं? ही सारी चित्रपटाची जाहिरातच. पूर्वी जाहिरातीचे पैसे जाहिरातदार देई. इथे पोरांनी खाऊचे पैसे मोजून ती विकत घ्यायची, वर तिला ‘संग्राह्य आवृत्ती’ म्हणून प्लास्टिकमध्ये जपायचं! चित्रपट तेव्हा लागायचा होता, त्यामुळे समीक्षेची कटकट नव्हती. एप्रिलअखेर पडद्यावर खलनायक थॅनोसनं चुटकी वाजवली नि निम्मी जीवसृष्टी धूळ झाली. मुखपृष्ठांवरचे बरेच वीरही त्यातच गेले. निम्मे पैसे परत देण्याची योजना मात्र कुणाला सुचली नाही.