नानांना आता काय द्यावं?

“संपलं!” नानांनी ‘फाउंडेशन’चा तिसरा भाग कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. “चौथा आहे का तुमच्याकडे, ताई?”

“आहे. पण देणार नाही.”

नाना परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि लातूरला आमच्या शेजारी राहायला आले. तेव्हापासून आमच्या भिंतीवरून कढीपत्ता तिकडून इकडे येतो आणि पुस्तकं इकडून तिकडे जातात. कढीपत्ता परत करायचा नसतो, पुस्तकांचंही तसंच असावं असा त्यांचा समज आहे. पण माणूस वाचणारा, म्हणून चालतं. फक्त पुढचं पुस्तक ठरवायला आम्हाला मागचं वाचण्याइतकाच वेळ लागतो.

“देणार का नाही?”

“अहो, असिमोवचे मूळचे तीन भाग १९५१ ते ५३ मधले. तेही आधी मासिकात सुट्या गोष्टी म्हणून आलेले, मग पुस्तकं केली. पुढं तीसेक वर्षं तो त्या वाटेला गेला नाही. वाचक मागे लागले, प्रकाशक मागे लागले, तेव्हा १९८२ साली चौथा काढला. आग्रहाखातर लिहिलेलं कळतं हो वाचताना. तोंडात चव आहे तोवर थांबावं.”

नानांना ते फारसं पटलं नाही. सुरू केलेलं काम अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. पण मी भिंतीच्या या बाजूला असल्यामुळे माझं चालतं.

“मग पुतण्या म्हणत होता ती चिनी द्या. तीन सूर्यांची. त्यानं मालिका बघितलीय म्हणे मोबाइलवर.”

“ ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. तो लेखक तुमच्यातलाच आहे, नाना.”

“आमच्यातला? देशस्थ?”

“वीज केंद्रातला! लिऊ सिशिन. चीनच्या शान्शी प्रांतात एका औष्णिक वीज केंद्रात संगणक इंजिनिअर होता. नोकरी सांभाळून लिहायचा. २००६ला मासिकात क्रमशः आली ही कादंबरी. इंग्रजीत आल्यावर २०१५ला तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.”

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी अभिमान, मग संशय. “किती मेगावॅटचं केंद्र?” हा पहिला प्रश्न. ते मला कुठलं ठाऊक? “आणि लिहायला सवड कधी मिळायची? आम्हाला शिफ्टमध्ये चहा गार व्हायच्या आत प्यायला मिळत नव्हता!”

तेवढ्यात काकू बाहेर आल्या, हातात मेथीची जुडी. निवडत निवडतच त्या अशा चर्चांत भाग घेतात. “काय आहे त्यात?”

मी सांगितलं, की सुरुवातच माओच्या सांस्कृतिक क्रांतीत होते. एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत मारून टाकतात, तेही त्याच्या मुलीसमोर. मूळ चिनी पुस्तकात हे प्रकरण मधे कुठंतरी सरकवलं होतं, इंग्रजी अनुवादात ते पुन्हा पहिल्या पानावर आणलं. पुढं परग्रहवासी पृथ्वीकडे निघतात, पण पोचायला त्यांना चारशेच्या वर वर्षं लागणार असतात.

“चारशे वर्षं? मग आत्तापासून कशाला जीव टांगणीला?” काकू म्हणाल्या.

“तीच तर कादंबरी आहे, काकू.”

“यांना नको. यांना आधीच रात्री झोप नाही.”

चिनी बाद. ‘ड्यून’चं नाव काढताच नानांनीच हात झटकले. त्यांनी ती एकदा दुकानात चाळली होती. मागं शब्दकोश जोडलेली कादंबरी मी या वयात वाचणार नाही, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की वीसेक प्रकाशकांनी ती साभार परत केली होती आणि शेवटी १९६५ला ती छापली कुणी, तर मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकानं. नाना खूश झाले, “बघा, मेकॅनिकलवाल्यांनाच कळतं.” पण वाचायला तयार नाहीत ते नाहीतच. मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मलाही ती दुसऱ्या प्रयत्नात जमली.

“मराठीत काहीच नाही का गं?” काकूंनी विचारलं. “आमच्या वेळी ‘नवल’मध्ये काय काय यायचं.”

आता हा दुखरा मुद्दा आहे. मराठीत विज्ञानकथा भरपूर आहे. बाळ फोंडके घ्या, लक्ष्मण लोंढे घ्या, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर घ्या. पण कादंबऱ्या मोजायला बसलं, तर एक फळीही धड भरत नाही. मला वाटतं, याला कारण दिवाळी अंक आणि स्पर्धा. दोन्हीकडे दहा-पंधरा पानांत उरकावं लागतं. कल्पना जोरात आणायची, शेवटी धक्का द्यायचा, की झालं. तीनशे पानं एक जग सांभाळायची सवय लागणार कशी? जावडेकरांनी भोपाळच्या वायुकांडावर ‘आकांत’ लिहिली, अरुण साधूंनी ‘विप्लवा’ लिहिली, म्हणजे जमत नाही असं नाही. पण अशी नावं शोधावी लागतात.

“आणि नारळीकर?” नाना म्हणाले.

“त्यांचीही सुरुवात स्पर्धेतूनच झाली ना! ती गंमत माहीत आहे का तुम्हाला?”

गंमत म्हटल्यावर काकूंचा मेथीवरचा हात थांबला. मराठी विज्ञान परिषदेची १९७४ची कथास्पर्धा. नारळीकर तेव्हाच जगभर गाजलेले. स्वतःच्या नावानं कथा पाठवली, तर परीक्षक नावालाच बक्षीस देऊन बसतील. म्हणून त्यांनी जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी केली, ना. वि. ज., आणि झाले नारायण विनायक जगताप. अक्षरसुद्धा ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ नाव कथेचं. पहिलं बक्षीस!

“बक्षीस जगतापांना आणि लिहून हात दुखले मंगलाताईंचे,” काकू म्हणाल्या. “त्यासुद्धा गणितातल्या मोठ्या बाई होत्या ना?”

“होत्या. आणि पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाईंनी अध्यक्षपदावरून नारळीकरांच्या विज्ञानकथेचं कौतुक केलं.”

नाना थोडे गप्प झाले. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले, तेव्हा नानांनी सगळ्या वर्तमानपत्रांतली कात्रणं काढून ठेवली होती.

“त्यांची ‘वामन परत न आला’ देते,” मी म्हटलं. “जमिनीखाली एक पेटी सापडते. आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या लोकांनी ठेवलेली. तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव बनवता येतो. पण तो बनवणं शहाणपणाचं आहे का? ऐंशीच्या दशकात लिहिलीय, पण आज त्या सगळ्या बोलक्या यंत्रांच्या बातम्या वाचताना हटकून आठवते.”

“ती ठीक. पण हिशेब करण्यासारखं काही नाही का?”

हे नानांचं खरं दुखणं. त्यांना पात्रांची सुखदुःखं चालतात, पण मधेच एखादा आकडा हाताशी लागला पाहिजे. मग मी आत जाऊन क्लार्कची ‘राँदेव्हू विथ रामा’ आणली. १९७३ची.

“रामा? आपला राम?” काकू.

“आपलाच. काय झालं, खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक-रोमन देवांची नावं वापरून संपली, म्हणून ते हिंदू देवांकडे वळले. सूर्यमालेत एक वस्तू येते, तिला नाव दिलं राम. जवळ जाऊन बघतात तर पन्नास किलोमीटर लांबीचं पोकळ नळकांडं! कुणीतरी बनवलेलं. आत माणसं उतरतात.”

“आणि हा क्लार्क राहायचा कुठं?”

“१९५६पासून श्रीलंकेत.”

“म्हणजे रामाची गोष्ट लंकेत बसून लिहिली!” काकू इतक्या हसल्या की मेथी पदरात सांडली.

नानांचं लक्ष दुसरीकडेच होतं. “नळकांडं फिरतं का?”

“चार मिनिटांत एक फेरी. आतला व्यास सोळा किलोमीटर.”

झालं. नानांनी विटेचा तुकडा उचलला आणि आमच्या सामाईक भिंतीवर, गेल्याच दिवाळीत रंगवलेल्या, गणित मांडलं. दोनशे चाळीस सेकंद. त्रिज्या आठ हजार मीटर. कोनीय वेगाचा वर्ग. “साडेपाच येतंय. आपल्याकडे नऊ पूर्णांक आठ. म्हणजे छप्पन्न टक्के. माझे सत्तर किलो तिथं एकोणचाळीस भरतील.”

“आणि माझे?” काकूंनी विचारलं.

नानांनी उत्तर दिलं नाही. बेचाळीस वर्षांचा संसार आहे.

“पण गुडघे दुखणार नाहीत ना तिथं?”

“पायऱ्या आहेत, काकू. हजारोंनी. आत शिरायचं नळकांड्याच्या मधोमध, आसापाशी. तिथं वजनच नाही. मग आठ किलोमीटर खाली उतरायचं, आणि उतरता उतरता वजन वाढत जातं.”

“म्हणजे परत चढताना हलकं हलकं होत जायचं?” काकू उभ्याच राहिल्या. “तुळजापूरला असं असतं तर! तिथंही आधी उतरायचं आणि नंतर चढायचं, पण चढताना जीव निघतो.”

“हीच द्या,” नाना म्हणाले.

“द्या काय द्या? तुम्ही वाचून मला सांगणार ना रोज? मग ठरवणार मी. आधी वामन.”

“का?”

“वामन पाचवा, राम सातवा. अवतार काय उलटे वाचतात?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरस्कारांच्या याद्या आणि जाणकारांच्या शिफारशी मी पुष्कळ बघितल्या, पण इतका पक्का क्रम कुणी लावून दिला नाही. एकच बजावलं, की ‘रामा’चे पुढचे भागही आहेत, क्लार्कनं दुसऱ्या लेखकाला सोबतीला घेऊन लिहिलेले. ते मागायचे नाहीत. पहिल्यात बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही, आणि तेच तिचं वैभव आहे.

“बरं,” नाना नाइलाजानं म्हणाले. “पण मग मधला सहावा? परशुराम?”

“तो तुम्ही लिहा,” काकू मेथी गोळा करत म्हणाल्या. “तो चिनी लिहायचा ना नोकरी सांभाळून? तुम्हाला तर नोकरीही नाही.”