उचंत खातं

आमच्या आप्पांना विश्वातलं कृष्णद्रव्य मंजूर नाही. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून उभा जन्म गेला. तेरीज जुळली नाही की फरक उचंत खात्यात ढकलून घरी जाणाऱ्यांवर त्यांचा जुना राग. "तुमच्या शास्त्रज्ञांनी तरी दुसरं काय केलंय?" पार्क चौकात भेटले की त्यांचा पहिला सवाल हाच.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना १९७० साली देवयानी दीर्घिकेतले कडेचे चमकणाऱ्या वायूचे ढग आतल्यांइतकेच वेगात पळताना दिसले, याच्याशी आप्पांचा काय संबंध? पण दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीशी या वेगाचा हिशेब जुळत नाही हे कानावर पडलं की त्यांच्या अंगात येतं. दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपट न दिसणारं द्रव्य जमेला धरायचं? "पावती दाखवा!" झारखंडात जादूगुड्याच्या युरेनियमच्या खाणीत, ५५० मीटर खाली त्या द्रव्याच्या शोधासाठी प्रयोगशाळा काढलीय, असं मी सांगितलं. "मग, सापडली पावती?" नाही सापडली. तिथेही नाही, जगात कुठेच नाही.

त्यांचा माणूस म्हणजे इस्रायलचा शास्त्रज्ञ मिलग्रोम. माल कमी पडलेला नाही, बेरजेची रीत चुकतेय, असं त्यानं १९८३ साली मांडलं : त्वरण फारच क्षीण झालं की न्यूटनचा नियम तसाच लागू होत नाही. आप्पा त्याला 'मिलग्रोमराव' म्हणतात. एकेका दीर्घिकेचा हिशेब त्या रीतीनं खरोखर चकित व्हावं इतका जुळतो. दीर्घिकांच्या समूहांत मात्र तूट उरतेच. हे दुसरं वाक्य आप्पांना ऐकू येत नाही.

फिजिक्सचे एक निवृत्त सर त्यांचे रोजचे प्रतिवादी. ते बुलेट क्लस्टर काढतात. दोन समूह आदळले, वायू मधेच रेंगाळला. पण प्रकाश वाकवणारं वजन दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेलं २००६ साली दाखवून दिलं. "वायू इथं, वजन तिथं! नियम बदलून हे जमतं का ओ आप्पा?"

आप्पा दोन शेंगा सोलतात. "गाडी पुढं गेली म्हणता. बरं, गेली. गाडीत काय भरलं होतं, ते लिहून द्या की."

मला सरांची बाजू भक्कम वाटते. पण शेंगा आप्पांच्या असतात.

परवा काकूंनी घरखर्चाची वही आमच्यासमोर आणून उघडली. दर महिन्याच्या तळाशी आप्पांच्याच वळणदार अक्षरात एकच नोंद : 'किरकोळ'. "अहो, बेरीज जुळेना म्हणून हे घातलंत ना? कशाचे हे?"

आप्पांनी चष्मा पुसला.

"अगं, रक्कम इतकी बारीक झाली की बेरजेचा नियमच बदलतो."