जनावर काठावर, कुटुंब कामावर

इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या कालव्यांवर आठवडाभरासाठी बोट भाड्याने घ्यायची, बायको-मुलं, जमल्यास पुण्याहून उन्हाळ्यापुरते आलेले आजी-आजोबा आणि एक-दोन कुत्री तिच्यात कोंबायची आणि निघायचं, या प्रकाराला तिकडे सुट्टी म्हणतात. जाहिरातीत हिरवे काठ असतात, लांबुळकी रंगीत बोट असते, सुकाणूपाशी हसणारे बाबा असतात आणि छपरावर ऐटीत बसलेला कुत्रा असतो. पाहणाऱ्याचा समज होतो की सहल कुटुंबाची आहे, आणि कुत्र्याला घरी कोण सांभाळणार म्हणून त्यालाही आणलंय. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे कालवे जनावराच्या सोयीने खणले गेले, त्यांच्या पायवाटा, पूल आणि बोगदे जनावर कुठून जाईल हे बघून बांधले गेले, आणि माणूस तिथे पहिल्या दिवसापासून हाताखालचा गडी आहे. पुढे घोडा गेला आणि कुत्रा आला, गड्याची नेमणूक मात्र कायम राहिली. एवढं मान्य केलं की या सहलीत जे जे चमत्कारिक वाटतं त्याची संगती लागते.

पुरावा दगडाविटांतच आहे. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला न्यायला कालवा खणून घेतला. तो १७६१ साली सुरू झाला आणि त्यानंतर सगळ्या देशाला कालव्यांचं वेड लागलं. हिशेब सोपा होता. खडबडीत रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा जेवढं ओढतो त्याच्या कितीतरी पट तोच घोडा पाण्यावरून ओढतो. पंचवीसेक टन माल भरलेली बोट एकटा घोडा काठाने चालत नेत असे. म्हणजे काठची पायवाट हा खरा रस्ता. मॅकल्सफील्ड कालव्यावर पायवाट जिथे काठ बदलते, तिथे दोर सोडून पुन्हा बांधायची तसदी पडू नये म्हणून स्वतःभोवतीच वळसा घेणारे दगडी पूल बांधलेत. लोक आज त्यांचे कौतुकाने फोटो काढतात, पण ते सगळं सौंदर्य एका गाठीपायी जन्मलं आहे. लंडनच्या रीजंट्स कालव्यात, शेजारून जाणाऱ्या आगगाडीला बुजून घोडा पाण्यात पडलाच तर त्याला चालत वर येता यावं म्हणून काठाच्या भिंतीत उतार ठेवले आहेत. माणूस पडला तर त्याने काय करावं, हे आराखडा करणाऱ्यांना सुचलेलं दिसत नाही. पेनाइन्स डोंगराखालचा स्टँडएज बोगदा १८११ साली पुरा झाला. लांबी पाच किलोमीटर, आणि आत पायवाट नाही. तिथे घोड्याला दोरातून मोकळं करत, आणि तो डोंगरावरून स्वच्छ हवेत रमतगमत पलीकडे जाई. बोटीवरची माणसं फळीवर उताणी पडून, मिट्ट काळोखात, बोगद्याच्या भिंतींवर पाय मारत मारत बोट पुढे ढकलत. कोण कोणासाठी राबत होतं हे ठरवायला आणखी साक्षीदार कशाला हवा?

तरी एक हवाच असेल, तर तो वेल्समध्ये लँगॉलेन कालव्यावर उभा आहे. पोंतकसल्टे नावाचा जलसेतू, टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांचं काम, १८०५ सालचं. (नावाचा उच्चार जमला नाही तर मनाला लावून घेऊ नये, इंग्रजांनाही जमत नाही.) डी नदीच्या ३८ मीटर वरून, तीनशे मीटरहून लांब अशा बिडाच्या पन्हाळीतून बोट जाते. २००९ पासून हा जागतिक वारसा आहे. या पुलाच्या एका बाजूला पायवाट आहे आणि तिला चांगला छातीएवढा कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हाळीची कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर येते, आणि तिच्यापलीकडे थेट दरीतली झाडं आणि खाली चमकणारी नदी. सुकाणू धरलेल्या बाबांनी त्या बाजूला नजर टाकली की त्यांचा चेहरा धुतल्या तांदळासारखा होतो. त्याच वेळी कुत्रा कठड्याच्या आतून शेपूट हलवत, खांबाखांबाचा वास घेत चाललेला असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी कठडा कोणाला द्यायचा हे पुरतं विचार करून ठरवलं होतं.

इथे कोणी म्हणेल की घोड्याचा इतिहास कुत्र्याच्या गळ्यात का बांधता? आक्षेप रास्त आहे. मधल्या काळात बरंच घडलं. रेल्वेच्या स्पर्धेत भाडी कोसळली, पगारी हाताखालचा परवडेना म्हणून नावाड्यांनी बायकामुलांना बोटीवर आणलं, आणि दहा फूट लांब, सात फूट रुंद खोपटात अख्खे संसार झाले. ती हौस नव्हती. एका केबिनमध्ये किती माणसं कोंबावी यावर अंकुश ठेवायला पार्लमेंटला १८७७ साली कायदा करावा लागला. आज त्याच मापाच्या बोटीत लोक पैसे देऊन राहतात, हा काळाचा विनोद जरा कडवटच आहे. मग इंजिनं आली, घोडे गेले, मालवाहतूकही गेली. कालवे बुजवायची भाषा सुरू झाली, तेव्हा १९४६ साली रोल्ट आणि एकमन या दोन लेखकांनी पुढाकार घेऊन ते वाचवायला संघटना उभी केली. कालवे वाचले, पण रिकामे वाचले. काठावर मैलोन्‌मैल सपाट पायवाट, आणि तिच्यावर चालायला जनावरच नाही. ती जागा ज्याने भरली त्याच्या गळ्यात पट्टा होता.

आणि नेमणूक किती चपखल! कालव्यावर बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं, नाहीतर आतल्या म्हाताऱ्या बाईंचा चहा बशीत सांडतो आणि त्या खिडकीतून तोंड बाहेर काढून अत्यंत सभ्य भाषेत अपमान करतात. प्रत्यक्षात ताशी तीन मैल पडले तरी पुष्कळ. ट्रेव्हर गावाहून लँगॉलेन गावाला मोटारीने दहा-पंधरा मिनिटं लागतात, बोटीने दोन तास, शिवाय वाटेत अरुंद पट्ट्यांत समोरची बोट येऊन जाईपर्यंत थांबणं आलं. इतक्या वेगात माणसाला धड प्रवास केल्याचं समाधान नाही की विश्रांतीचंही नाही. कुत्र्याचं मात्र याच वेगात अवघं कल्याण आहे. तो काठाने पुढे पळतो, एका झुडपाची सविस्तर तपासणी करतो, मागे राहतो, पुन्हा बोट गाठतो, बदकांवर भुंकतो, आणि बोट अजून तिथेच असते. जगातलं दुसरं कुठलंही वाहन कुत्र्याला वास पुरा घेऊ देत नाही. संध्याकाळी बोट जिथे लागते तिथल्या पबमध्ये कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं दाराशीच ठेवलेलं असतं, माणसांना मात्र टेबल रिकामं होईपर्यंत उभं राहावं लागतं.

बाबांकडे वळू. सुट्टीसाठी भाड्याची ही लांबुळकी बोट, म्हणजे नॅरोबोट, चालवायला ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. पंधरा-वीस टनांची, साठ फूट लांब लोखंडी वस्तू थोडंफार शिकवून, हँडल हातात देऊन तुमच्या स्वाधीन करतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ती वळते तीही मधल्या भागाभोवती, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की बूड डावीकडच्या झाडीत शिरतं. मागे घेताना सुकाणू जवळजवळ निरुपयोगी असतं. ब्रेक नावाची गोष्ट नाही. साठ फूट पुढे, नाकापाशी उभी असलेली आई ‘डावीकडे!’ म्हणून ओरडते तेव्हा ती बोटीबद्दल बोलते आहे की दांड्याबद्दल, यावर कित्येक घरांत पुढे वर्षभर चर्चा चालते. फक्त कुत्र्याला कोणी डावं-उजवं विचारत नाही.

खरी परीक्षा लॉकपाशी. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, बोटीहून जेमतेम काही इंच रुंद असा हौद. सात फुटांच्या आत बसणारी बोट त्यात घालायची, मागचा दरवाजा लावायचा, लोखंडी हँडलने दात्यांवर खट् खट् खट् करत झडप उचलायची, लाखभर लिटर पाणी आत किंवा बाहेर जाऊ द्यायचं, मग दरवाजाला जोडलेल्या लांब तुळईला पाठ लावून ढकलायचं. दोन्हीकडचं पाणी समान झाल्याशिवाय तो दरवाजा कोणाच्या बापाला उघडत नाही. पण पाठ लावून बसलेल्या आजोबांना हे पटत नाही, कारण त्यांनी आयुष्यात अनेक दरवाजे जोर लावूनच उघडलेले असतात. खाली उतरताना वेगळीच भीती. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो, पाणी उतरताना बोटीचं बूड त्यावर टेकलं तर बोट मागून लटकते आणि पुढून बुडते. म्हणून सुकाणूवाल्याने बोट पुढे ठेवायची आणि बाकीच्यांनी झडपेवरून नजर हलवायची नाही. याच लँगॉलेन कालव्यावर ग्रिंडली ब्रुकला अशी सहा लॉक आहेत, त्यांतली तीन एकाला एक जोडलेली. हा सगळा वेळ कुत्रा आत केबिनमध्ये असतो, आणि असायलाच हवा. त्याला काठावर ठेवून पट्टा बोटीला बांधला तर बोट दोन-अडीच मीटर खाली जाते आणि पट्टा होता तेवढाच राहतो. आतल्या खिडकीला नाक लावून तो बघतो. आधी गवत दिसतं, मग कुटुंबाचे बूट, मग शेवाळलेली ओली भिंत.

यावर केरळवाले हसतात. अलप्पुळाला हाउसबोट घेतली तर चालक बोटीचा, स्वयंपाकी बोटीचा, आपण वेताच्या खुर्चीत बसायचं आणि तळलेल्या माशाची वाट बघायची. लॉक नाही, उंबरा नाही, आरडाओरडा नाही. कबूल. पण तिथे सगळेच प्रवासी असतात, आणि नुसत्या प्रवाशांचं मराठी कुटुंब दुसऱ्या दुपारपर्यंत गावच्या जमिनीच्या वाटणीवर येतं. कालव्यावर त्या विषयाला फुरसतच मिळत नाही. नऊला झडप, साडेनऊला उचलायचा पूल, दहाला पाणी भरायचा नळ. जे बोलणं होतं ते दोर, हँडल आणि कुत्रा कुठे आहे एवढ्याबद्दलच.

कुत्रा कुठे आहे, हा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि या सहलीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच. कुत्रा पाण्यात पडतो. उन्हाळ्यात कालव्याच्या संथ भागांवर टिकलीएवढ्या हिरव्या पानांची वनस्पती इतकी दाट पसरते की ती कुत्र्याला हिरवळ वाटते, आणि तो पूर्ण विश्वासाने तिच्यावर पाऊल टाकतो. एक क्षण तो नाहीसा होतो. मग डोळ्यांभोवती, मिशांवर, कानांत हिरव्या टिकल्या लागलेलं, अतिशय दुखावलेलं डोकं वर येतं. काठ उभे असल्याने त्याला आपलं आपण चढता येत नाही, म्हणून कुत्र्यांच्या लाइफ जॅकेटला पाठीवर मूठ शिवलेली असते, आणि तिला धरून त्याला बॅगेसारखं उचलून घ्यायचं. जॅकेटशिवाय कुत्रा नेऊ नये, इथे विनोद बाजूला. उन्हाळ्याच्या शेवटी काही पाण्यांत निळं-हिरवं शेवाळ येतं, ते कुत्र्याला जिवावर बेतणारं असतं. लेप्टोची लसही आधी टोचून घ्यावी. मुंबई-कोकणातल्या वाचकाला हा आजार काय असतो ते पावसाळ्यागणिक माहीत आहे. पण हा आक्षेप कुत्र्यापुरता कुठे आहे? बोटीवरून पाण्यात पडणाऱ्यांत माणसंही असतात, आणि त्यांच्या पाठीला मूठ नसते.

उरला वास. सहा फूट दहा इंच रुंद बोटीच्या केबिनमध्ये ओला कुत्रा अंग झाडतो तेव्हा चारही भिंती ओल्या होतात. बोट वळवायला कालव्यात ठरावीक रुंद जागाच शोधावी लागते, आणि मोठ्या लॅब्रॅडॉरला आतल्या बोळात वळवायलाही, म्हणून तो उलट्या पावली बाहेर येतो. हे सगळं खरं आहे. पण पुष्कळ बोटींच्या संडासाखाली एक पेटी असते. ती दर दोन-तीन दिवसांनी हाताने काढून, काठाने चालवत नेऊन, नेमून दिलेल्या जागी रिकामी करावी लागते. ते काम घरात कोणाकडे येतं यावरून त्या घरातली सत्तेची उतरंड अचूक कळते. कुत्र्याकडे ते कधीच येत नाही. ज्याने ती पेटी एकदा उचलली आहे तो ओल्या कुत्र्याच्या वासाबद्दल पुन्हा चकार शब्द काढत नाही.

जेरोम के. जेरोमने १८८९ साली टेम्स नदीवरच्या तीन मित्रांच्या सहलीचं पुस्तक लिहिलं तेव्हा माणसं त्याने ओळखीपाळखीतली घेतली, एक तर तो स्वतःच. कुत्रा मात्र मनाने रचला. कुत्रा हाताशी नसताना तो रचून बोटीत बसवावासा वाटला, हे माझ्या बाजूचंच प्रमाण मी समजतो.

एक आक्षेप तेवढा मला खरोखर अडचणीत आणतो. सहल जर कुत्र्याची आहे आणि कुत्रा बहुतेक वेळ काठावरच असतो, तर बोट हवी कशाला? पायवाट फुकट आहे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे दोन हजार मैलांचे जलमार्ग आहेत. कुत्र्याचा पट्टा धरून सरळ चालत सुटावं, लॉक नको, पेटी नको, डावं-उजवं नको. जनावराच्या दृष्टीने यात काहीही उणं नाही, आणि तर्काने बघितलं तर माझ्याही नाही. माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की वेल्समध्ये पाऊस फार पडतो, आणि पायवाटेवर गॅसची शेगडी नसते. साडेचारला चहा कोण करणार?