रिकामी जागा भरा

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. औंढा तालुक्यातल्या पोरानं समुद्रावर जाऊन राहावं, हे आमच्या मोठ्या काकूंना अजून पटलेलं नाही. "पाण्यावरच राहायचं होतं तर आपलं सिद्धेश्वरचं धरण काय आटलं होतं का?" असं त्या दर सुट्टीत विचारतात. जगभरच्या जहाजांवर फिलिपिनो खलाशांचा भरणा मोठा. त्यामुळे याचं उठणं-बसणं त्यांच्यातच. मागे घरात लग्न निघालं तेव्हा तो आला, आणि पाहुण्यांसाठी चॉकलेटांच्या जोडीला त्यांच्याकडच्या पत्त्यांचा एक खेळ डोक्यात घेऊन आला.

खेळ असा: एका गठ्ठ्यात अर्धवट वाक्यं, दुसऱ्यात उत्तरं. एकानं वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी हातातलं उत्तर पालथं टाकायचं, आणि ज्यानं वाक्य वाचलं त्यानंच सगळ्यांत झोंबणारं उत्तर निवडायचं. घडण अमेरिकन, तिकडे २०११ साली आलेल्या 'कार्ड्स अगेन्स्ट ह्यूमॅनिटी'नं ती वात्रटपणासाठी गाजवलेली. फिलिपिनो मंडळींनी त्यात आपलं 'हुगोत' भरलं. विषय भाताचा असो, पावसाचा असो, तिसऱ्या वाक्याला तो प्रेमभंगावर आणून सोडायचा, याला हुगोत म्हणतात. म्हणजे आपल्याकडे, 'सुट्ट्या पैशांसाठी रिक्षावाल्याशी भांडतोस, मला सोडताना मात्र हिशेब केला नाहीस', असं काहीसं. २०१४ साली 'दॅट थिंग कॉल्ड तधाना' नावाचा त्यांचा सिनेमा आला. त्यातली नायिका विमानतळावर जास्तीच्या सामानापायी रडकुंडीला येते. सामान कसलं हे तिकडच्या प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. त्यानंतर तर या वेडाला ऊतच आला.

आमच्याकडे प्रेमभंगाला वाव कमी. आधी प्रेम तरी जमायला पाहिजे ना. म्हणून भाच्यानं उरलेल्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूवर हिंगोलीचे पत्ते लिहिले. हळदीच्या रात्री वीज गेली, मोबाइल एकेक करत मावळले, झब्बूच्या जोडातली चौकट राणी नेहमीप्रमाणे बेपत्ता निघाली, तेव्हा कुठे या खेळाला मंडळी बसली. उत्तरांत 'शेवटची एस.टी.', 'पीकविमा', 'दसऱ्याच्या प्रदर्शनातला आकाशपाळणा', 'दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा' असे एकेक मोहरे होते. पण हुकूम एकच: 'हळदीचा भाव'. वाक्य कुठलंही निघो, तो फिट्ट बसे. 'तो मला असा सोडून गेला, जसा...' हळदीचा भाव! 'मी दिल्यावरच ज्याची किंमत वाढली...' हळदीचा भाव! वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण विकून मोकळं झालं की दुसऱ्या आठवड्यात भाव चढतो, या दुःखाला अजून कुठलं मानांकन नाही. ते पोतं उतरवून आलेल्यालाच कळतं. असं हुगोत मनिलाला सुचायचं नाही.

आता, पत्ता पालथा टाकायचा तो गुपित राहावं म्हणून. काकू पत्ता टाकतानाच म्हणत, "हा माझा हाय बरं का." मामांचा निकाल सोपा होता. ते मामीचा पत्ता शोधून काढत आणि न वाचता जिंकवत. पुढे पुढे तर मामी पत्ते हातातच घेईनात. "मला कशाला लागतंय? माझं सगळं पाठ हाय."

वाक्य निघालं, 'मी आजवर जपून ठेवलंय ते म्हणजे...'

मामी म्हणाल्या, "आक्कांनी माझ्या लग्नात दिलेलं पातेलं. गळतंय, पर जपलंय."

आक्का म्हणजे त्यांची नणंद, समोरच बसलेली. आक्कांनी हातातले पत्ते सावकाश जुळवले. "पातेलं न्हाई गळत, वैनी. तोंड गळतंय."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. भाचा वहीत गुण लिहू लागला, पण कुणाला द्यायचे ते त्याला समजेना. पत्ता तर कुणीच टाकला नव्हता. पुढचा तासभर खेळ असाच, पत्त्यांवाचून चालला. मानाची साडी, वरातीतली जागा, तेराव्या दिवशीचं जेवण, सगळी थकबाकी निघाली.

खरं तर आमच्या बायकांना हा खेळ शिकवणं म्हणजे आगाऊपणाच. उखाण्यात त्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. तिथं रिकामी जागा एकच, तिच्यात नवऱ्याचं नाव बसायचं, आणि उरलेल्या ओळीत यमक जुळतंय तोवर काहीही सांगायची मुभा. एरवी जन्मभर 'अहो' आणि 'हे'.

आणि टोमण्याचं म्हणाल तर जिल्ह्याला थोर परंपरा आहे. नर्सीचे नामदेव संतांच्या मेळ्यात बसले असताना गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं आणि नामदेवांना 'कच्चं मडकं' ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव रुसून थेट विठ्ठलाकडे गेले, त्यानंही समजूत घालायची सोडून विसोबा खेचरांकडे औंढ्याला धाडलं. एक टोमणा, आणि माणूस पंढरपुराहून औंढ्याला! नंतर याच औंढ्यात नामदेवांना देवळामागे उभं केलं तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असंही सांगतात. आमच्या आक्कांसाठी कुणी साधी खुर्ची फिरवत नाही, हे त्यांनी त्या रात्री दोनदा बोलून दाखवलं.

शेवटी वाचायची पाळी मामींवर आली. चष्मा नव्हता, म्हणून भाच्यानं त्यांच्या कानात सांगितलं आणि त्यांनी मोठ्यानं म्हटलं: 'मला आजवर कुणी विचारलं नाही, की...'

भराभर पत्ते पडले. मामा बराच वेळ हातातले पत्ते चाळत राहिले, मग सगळेच खाली ठेवून म्हणाले, "दमलीस का?"

एरवी कुणी खोकलं तरी हसणारी मंडळी थोडी थांबली. मामींनी पदर सारखा केला.

"एवढ्या लोकांत विचारायलेत, बघा! घरी काय तोंडाला कुलूप असतंय?"

आणि तो डाव त्यांनी 'हळदीच्या भावा'ला दिला.