ड्रायव्हरची पोर

2020 च्या जुलैअखेरीस ऑलिव्हिया दि हॅविलंड पॅरिसमध्ये वारली. वय वर्षं 104. सगळं जग तेव्हा घरात कोंडून बसलं होतं, आणि भुसावळात आमच्या शेजारच्या आबांनी भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली. ओला टॉवेल दोरीवर पडलेला बघून आजींनी विचारलं, "कोण गेलं?"

"मेलनी."

"कोणाची कोण?"

"ॲश्लेची बायको."

आजी बराच वेळ आठवत राहिल्या. चाळीस वर्षं रेल्वे क्वार्टरात काढलेली बाई. नाव-गाव लागत नसेल तर माणूस कसा शोधायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. "हा ॲश्ले कोणत्या डिपार्टमेंटला होता हो?"

आबांना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उलट प्रश्न रास्तच वाटला. आक्षेप घेतला तो आबांच्या दोस्तानं, नानांनी, फोनवरून. "अरे भो, ती तर सिनेमातच मेली होती. एका बाईचं सुतक दोनदा?" त्यावर आबांनी हिशेब मांडला. 'गॉन विथ द विंड'मधल्या चौघांत सिनेमात आधी मरते ती मेलनी. प्रत्यक्षात लेस्ली हॉवर्ड 1943 ला गेला, क्लार्क गेबल 1960 ला, व्हिव्हियन ली 1967 ला, आणि ही सगळ्यांना पोचवून त्रेपन्न वर्षं मागे राहिली. एवढं झाल्यावर नानांनीही संध्याकाळी अंघोळ केली. उकाडाही होताच म्हणा.

जुन्या हॉलिवूडवर जीव टाकणारे म्हातारे सगळीकडे सापडतात. पुण्यातला असेल तर तो 'फ्रेम'बद्दल बोलतो आणि आपण बोललो की डोळे मिटून घेतो. मुंबईतला असेल तर सिनेमा बाजूला राहतो आणि मेट्रो टॉकीजच्या जिन्यावरचा गालिचा सुरू होतो. भुसावळचा हॉलिवूडवाला यांच्यापेक्षा निराळा. तो रिटायर रेल्वेवाला असतो, त्याचं इंग्रजी नियमावलीतून आलेलं असतं, आणि हॉलिवूड हा आपल्या रेल्वेचाच एक डिव्हिजन आहे, फक्त जरा लांबचा, अशी त्याची समजूत असते. बर्गमनला बोगार्टनं विमानात बसवून दिलं, हे तो "लाइन क्लिअर दिली" असं सांगतो. त्यात शोकांतिका काय, हे त्याला विचारू नये. तोच आपल्याला विचारतो, "एवढं धुकं, आणि टेक-ऑफची परवानगी दिली कोणी?"

भुसावळातच हे का पिकलं, याला कारण आहे. बाहेरच्या माणसाला भुसावळ म्हणजे केळी, ऊन आणि अपरात्री खिडकीशी आलेली चहावाल्याची हाक. सिनेमाच्या धंद्यातल्या माणसाला मात्र हे मोठं गाव. इंग्रजांचा सीपी अँड बेरार प्रांत नकाशावरून कधीच पुसला गेला, पण चित्रपट वितरणाच्या हिशेबात 'सीपी बेरार' अजून जिवंत आहे, आणि मुंबई इलाख्यात असूनही खानदेश त्यातच मोडतो. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचं मुख्य ऑफिस भुसावळचं. कारण साधं आहे. मुंबईहून आलेली लाइन इथं फुटते. एक फाटा नागपूरला जातो, दुसरा खंडवा-इटारसीला. सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या पार्सलच्या डब्यातून इथं उतरायच्या आणि इथूनच पुढं चढायच्या.

या पेट्यांमुळं मंडळीतल्या तिसऱ्या गृहस्थांना, म्हणजे पार्सलवाल्या भाऊंना, जो मान आहे तो आबा-नानांना कधी मिळाला नाही. या दोघांनी नट्या पडद्यावर पाहिल्या, भाऊंनी उचलल्या. "रीटा हेवर्थला मी स्वतः हातगाडीवर घातलंय," असं ते अत्यंत गंभीरपणे सांगतात. "वजनदार बाई. एलिझाबेथ टेलर त्याहून." 'क्लिओपात्रा'च्या पेट्या जास्त होत्या, हा खुलासा ते आपण विचारल्याशिवाय करत नाहीत. इंग्रजी चित्रपट भुसावळला येईपर्यंत बराच शिळा झालेला असे. रविवारच्या सकाळच्या खेळाला तो लागे, आणि वसंत, अमरदीप, पांडुरंग या टॉकीजांच्या बाहेर ड्युटीवरून थेट आलेली, हातात डबा असलेली माणसं दिसत. लिझ टेलरचा सिनेमा इथं पोचेपर्यंत तिचा नवरा बदललेला असायचा, असं नाना म्हणतात. आठ लग्नं, सात नवरे. नाना रिटायर गार्ड असल्यामुळं त्यांची डबे मोजण्यात चूक होत नाही.

आबा लोकोचे. क्लीनर म्हणून लागले, फायरमन झाले, शेवटी मेल ड्रायव्हर. डब्ल्यूपी इंजिनावर कोळसा ओढला. त्या जातीची पहिली सोळा इंजिनं 1947 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविन कारखान्यातून आली होती. तेव्हापासून अमेरिकेतून येणारी वस्तू देखणी, दणकट आणि कोळसा जरा जास्त खाणारी असते, हे त्यांचं मत कायम झालं. मर्लिन मन्रोबद्दलही ते हेच बोलतात.

त्यांची समीक्षा ऐकावी तर गाडीच्या सीनवर. बस्टर कीटनचा 'द जनरल' हा त्यांच्या मते जगातला पहिला आणि शेवटचा सिनेमा. प्रेयसीनं झिडकारलेला कीटन इंजिनाच्या रॉडवर खिन्न बसलेला असतो, इंजिन सुटतं, आणि रॉडबरोबर हाही वर-खाली होत शेडमध्ये जातो. आबा इथं थांबून सांगतात, की चाक जरा जरी घसरलं असतं तर माणूस गेला होता. "वाफ किती हळू सोडली असेल बघ. त्या ड्रायव्हरचं नाव कोणी घेत नाही." पुढं त्याच सिनेमात पूल कोसळून खरंखुरं इंजिन नदीत पडतं. 1926 सालचं ते महागडं दृश्य जगभर वाखाणलं गेलं, आबा अजून विचारतात, "चार्जशीट कोणाला दिली?" 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ला सात ऑस्कर मिळाली, तरी आबांनी तो मनातून काढून टाकला आहे. माणसांचं युद्ध होतं, इंजिनाचा काय दोष?

'सम लाइक इट हॉट'मध्ये मर्लिन मन्रो फलाटावरून चालते आणि बाजूच्या गाडीतून वाफेचा फवारा तिच्या अंगावर येतो. बाकीचं जग तिच्याकडं बघतं. आबा वाफेकडं. ही वाफ इंजिनाची नव्हे, हे त्यांनी पहिल्याच खेळाला ओळखलं. डबे गरम ठेवायच्या पाइपाची असणार. "आपल्याकडं तो पाइप नही. भुसावळला डबा गरम करायला मे महिना पुरतो." नाना म्हणाले, "आणि ती बाई?" आबा म्हणाले, "ती गाडीच्या फार जवळून चालत होती."

नानांचा जीव कॅरी ग्रँटवर. गार्डाचा पांढरा युनिफॉर्म आयुष्यभर घातलेल्या माणसाला 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधल्या त्या सुटाचं मोल कळतं. विमान मागं लागलं, शेतात लोळला, तरी माणूस टापटीप. मात्र 'हाय नून'च्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. त्या सिनेमाचा नायक गॅरी कूपर नसून बाराची गाडी आहे. ती बाराला येते! आपल्या मेन लाइनवर ती साडेतीनला आली असती, तोवर कूपर नव्या बायकोला घेऊन जेवून झोपला असता, आणि पिक्चरच झाला नसता. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी हळहळ दिसते ती कलेपोटी की टाइमटेबलापोटी, हे मला सांगता येणार नाही.

'मॅकेनाज गोल्ड'चं नाव काढलं की मात्र तिघंही सावध होतात. तो सगळ्या हिंदुस्थानानं पाहिला, म्हणून अभिजात मंडळींनी तो पाहिल्याचं कबूल करायचं नसतं. आबा म्हणतात, आपण एकदाच गेलो, दरीतल्या छायाचित्रणासाठी. भाऊ म्हणतात, "मग पुढच्या आठवड्यात माझ्या पुढच्या रांगेत कोण होतं?"

नाती जोडण्यात या मंडळींचा हात कोणी धरणार नाही. व्हिव्हियन ली दार्जिलिंगला जन्मली, म्हणजे नॅरो गेजवरची. मर्ल ओबेरॉन 1911 ला मुंबईत जन्मली, 'द डार्क एंजल'साठी ऑस्करच्या यादीत गेली, आणि जन्मभर जगाला टास्मानिया सांगत राहिली. हॉलिवूडात तेव्हा मिश्र रक्ताच्या मुलीला नायिका कोण करणार होतं? नानांना याचं वाईट वाटतं, पण धक्का बसत नाही. सर्व्हिस रेकॉर्डला खोटी माहिती लावून पूर्ण नोकरी केलेले लोक त्यांनी पुष्कळ पाहिलेत.

खरा राग ज्यूल व्हर्नवर. ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी मारणारा त्याचा फिलियस फॉग मुंबईहून गाडीत बसतो, खानदेशातून जातो, आणि भुसावळचं नाव नाही! बुऱ्हाणपूरला मात्र गाडी थांबते आणि नोकर तिथं खोटे मोती लावलेल्या सपाता विकत घेतो. 1956 च्या सिनेमात फॉग झाला डेव्हिड निव्हन. त्या सिनेमाला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आबांचा मुद्दा एवढाच, की बुऱ्हाणपूर गाठायचं तर भुसावळवरूनच जावं लागतं. पाणी कुठं घेतलं मग इंजिनानं?

आजींचा या सगळ्याशी संबंध यजमानीणबाईंइतकाच. एकदा मुंबईच्या पासावर, महालक्ष्मीला जायचं सांगून, आबांनी त्यांना 'टेन कमांडमेंट्स'ला नेलं. पावणेचार तासांचा सिनेमा. चार्लटन हेस्टनला दाढी होती म्हणून आजींनी हात जोडले, समुद्र दुभंगला तेव्हा म्हणाल्या, "तापीला पूर आला तेव्हा कुठं होता हा?" ऑड्री हेपबर्नबद्दल त्यांना कणव आहे. तिचा वाढदिवस 4 मेचा, म्हणजे आखाजीच्या आसपास. घरात खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस असतो, आबा त्या दिवशी 'रोमन हॉलिडे' लावतात, आणि आजी दारातून बघत म्हणतात, "किती हाडं वर आलीयेत. आठ दिवस माहेरी आणा म्हणावं कोणी. भरीत-भाकर खाईल तर अंगावर चढेल." ग्रेगरी पेकबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. मुलगी घरी सुखरूप पोचवली त्यानं.

1 जूनला घरात दोन वाढदिवस असतात. मर्लिन मन्रो, 1926. पंजाब मेल, 1912. पहिल्या वाढदिवसाच्या पेढ्यांचं कारण आबा दुसऱ्यावर ढकलतात.

आणि मग 'भवानी जंक्शन'. हे या पंथाचं पारायण. जॉन मास्टर्सची कादंबरी, जॉर्ज क्युकरचं दिग्दर्शन, 1956. गाव काल्पनिक आहे, याला भुसावळात कोणी विचारत नाही. भवानी म्हणजे भुसावळ, नुसतं 'भ' बघा. इंग्रज जायच्या बेतात असतानाची गोष्ट, आणि नायिका व्हिक्टोरिया जोन्स, म्हणजे ॲव्हा गार्डनर, ही अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची मुलगी. इथं आबा हळवे होतात. बाकीच्या नट्या परक्या. ही आपल्या खात्यातली पोर. लिंपस क्लबच्या बाजूला अशी कुटुंबं त्यांनी लहानपणी पाहिली होती, मग ती एकेक करून विलायतेला नि ऑस्ट्रेलियाला निघून गेली. सिनेमात तिच्यामागं तीन जण: एक शीख, एक इंग्रज कर्नल आणि एक पॅट्रिक. पॅट्रिक ट्रॅफिकचा. नाना म्हणतात, पोरगी तिथंच द्यायला हवी होती. आबा म्हणतात, लोकोची मुलगी ट्रॅफिकमध्ये? मेलो तरी नाही. सिनेमाच्या शेवटी पॅट्रिकच मरतो, आणि दर वेळी नाना एकच वाक्य बोलतात, "कादंबरीत तिनं त्यालाच पत्करलं होतं. सिनेमावाल्यांना लोकोनं फोडलं."

परवा नातवानं मोठा टीव्ही बसवून दिला, म्हणून सगळे पुन्हा जमले. भारतात शूटिंगचं जमलं नाही म्हणून एमजीएमनं ते लाहोरला केलं, हे भाऊंनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी ते नेमकं ॲव्हा गार्डनर फलाटावर आलेली असताना जाहीर केलं. "म्हणजे हे भुसावळ नही भो. लाहोर आहे."

खोलीत शांतता. मग आबांनी रिमोट उचलून चित्र जागेवर थांबवलं. "पंजाब मेल फाळणीआधी कुठपर्यंत जायची?"

"पेशावर," नाना म्हणाले.

"लाहोरवरून?"

"लाहोरवरूनच."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी... आपल्याकडून."

"मग ही पोर कोणत्या गाडीची वाट बघतेय?"

नानांनी गार्डाच्या सवयीनं पहिला दोष काढला. शूटिंग पंचावन्नचं, तोवर मेल फिरोजपूरलाच थांबायला लागली होती. आबांनी तो फेटाळला. गोष्ट फाळणीआधीची आहे ना? मग गाडी चालू धरायची. मग प्रश्न निघाला की मेल लाहोरला पोचायची किती वाजता, कारण फलाटावरचं ऊन दुपारचं दिसत होतं. यावर कोणाचंच एकमत होईना. भाऊंच्या ट्रंकेत वडिलांच्या वेळचं टाइमटेबल असल्याचं निघालं आणि ते चपला घालून बाहेर पडले. नाना कॅलेंडरच्या मागं आकडे मांडायला बसले. आबा टीव्हीजवळ जाऊन, चष्मा वर करून, मागच्या इंजिनाचा नंबर लागतो का बघू लागले.

आजी चहा घेऊन आल्या. पाच-सात मिनिटं झाली तरी चित्र हललेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या पोरीला बसायला तरी सांगा."