उचलून नेऊ की!

कठड्याला हात लावून जिना उतरणारा माणूस म्हातारा झाला, असं आमच्या पिढीतल्या पुरुषांनी आपसांत ठरवून टाकलं आहे. म्हणून मी कठड्याच्या बाजूनेच उतरतो, पण हात त्याच्यावर दोन बोटं अधांतरी ठेवतो. बघणाऱ्याला वाटावं, गडी मजेत हात हलवत चाललाय. गुडघ्यांना वाटावं, वेळ आलीच तर आहे कोणीतरी.

फुटबॉलच्या स्टेडियममध्ये एवढीही सोय नाही. खुर्च्यांच्या मधून उतरणाऱ्या त्या चिंचोळ्या जिन्याला धरायला काहीच नसतं. कठडा बसवला तर म्हणे प्रेक्षकांना मैदान दिसत नाही. पुढच्या रांगेत नव्वद मिनिटं उभं राहून झेंडा फडकवणारे गृहस्थ बहुधा काचेचे असावेत. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाचं पुस्तक आहे. जिन्याची पायरी 15 ते 18 सेंटिमीटर उंच असावी, सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात, मीटरभर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला 66 माणसं जातील असं धरून बाहेर पडायच्या वाटा आखाव्यात, असं सगळं त्यात लिहून ठेवलंय. आमच्याकडच्या गवंड्याने पहिली पायरी घोट्याला, दुसरी गुडघ्याला आणि तिसरी थेट नशिबाला नेऊन भिडवली आहे. मी कडेला बसलेल्या अनोळखी माणसांच्या डोक्यांवर हात टेकत उतरतो. एका पोराने आशीर्वाद समजून पायांना हात लावला. तोल जाता जाता मी ‘यशस्वी भव’ म्हणालो.

ही झाली माझी, गुडघ्यांची तक्रार. बाळूची चाकांची आहे.

बाळू माझा मावसभाऊ. राहणार कोल्हापूर, फुटबॉलचा संघ पाटाकडील तालीम, बाकी सगळं दुय्यम. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून पाय साथ देत नाहीत, त्यामुळे तो व्हीलचेअरवरून फुटबॉल बघतो आणि आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त धावतो. आमच्या शहरातल्या मोठ्या सामन्याला तो हौसेने आला. त्याच्या तिकिटावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही छापलेलं होतं. त्या चित्रावर विसंबून आम्ही सांगितलेल्या दारापाशी गेलो, तर समोर सात पायऱ्या.

“रॅम्प कुठाय?” बाळूने विचारलं.

“रॅम्प कशाला, काका? उचलून नेऊ की!” सुरक्षारक्षक म्हणाला. इतक्या प्रेमाने म्हणाला की भांडणसुद्धा करता येईना. त्याने शिट्टी मारली, चार पोरं धावत आली आणि खुर्ची बाळूसकट हवेत गेली. मागच्या गर्दीतून कोणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणालं, बाकीच्यांनी ‘मोरया’ म्हटलं. बाळूचा एक हात ब्रेकवर होता, दुसऱ्याने तो वर सरकलेला शर्ट पोटावर ओढून धरत होता. तोंडावर हसू होतं. पाहुण्यांकडे आवडत नसलेली भाजी दुसऱ्यांदा वाढली की येतं, ते.

मीही एक बाजू धरायला पुढे झालो होतो. उचलण्याचा मला अनुभव आहे. आता विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकतो. लग्न झाल्यावर जेजुरीला जायचं आणि नवऱ्याने नवरीला उचलून खंडोबाच्या गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मी त्यासाठी महिनाभर आधीपासून पहाटे जोर काढत होतो. दंडाचा घेर रोज सुतळीने मोजत असे. सुतळी रोज तेवढीच निघे, म्हणून सुतळी बदलली. प्रत्यक्ष दिवशी भंडाऱ्याने पायरी निसरडी झालेली, मामा दोन्ही हात पसरून मागे उभे (कोणाला झेलण्यासाठी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही), आणि तिसऱ्या पायरीवर फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, थांबा! फ्लॅश उडाला नाही.” मी थांबलो. नुसता थांबलो नाही, हसलोसुद्धा. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत अशा जागी लावला आहे की चहा घेणाऱ्या पाहुण्याला दुसरीकडे बघताच येऊ नये. उरलेल्या दोन पायऱ्या मी कशा चढलो याची तीन-चार कथानकं आहेत. पाहुणा नवीन असेल तर सर्वांत लांबलचक सांगतो.

सामन्याच्या रात्री घरी आल्यावर मी तीच सांगायला घेतली. बाळूला ती पाठ आहे, पण तो ऐकतो. मध्येच आमची सौ. म्हणाली, “तुझ्या घड्याळाचा पट्टा माझ्या पाठीत रुतत होता. आणि सगळे मला ‘हस, हस’ म्हणत होते.” इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. बाळूने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. दोघांचं काहीतरी जमलं आणि मी फोटोकडे बघत बसलो.

पण मी पुढे गेलो. सामना काय झाला ते विचारू नका. दिव्यांगांची जागा कोपऱ्यातल्या झेंड्यामागे, पुढच्या रांगेच्याच पातळीवर होती. गोल झाला की पुढचे सगळे उठत आणि बाळूला शंभर पाठी दिसत. सामना संपला आणि आम्ही पुन्हा त्या सात पायऱ्यांच्या डोक्यावर आलो. उचलणारी पोरं घरी गेली होती. आणताना सगळे हौशी असतात.

समोरून माणसांचा लोंढा खाली चालला होता. तेव्हा बाळूने मला ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमबद्दल सांगितलं. 2 जानेवारी 1971, रेंजर्स विरुद्ध सेल्टिक. शेवटच्या मिनिटांत सेल्टिकचा गोल, पाठोपाठ रेंजर्सची बरोबरी, आणि बाहेर पडताना 13 नंबरच्या जिन्यावर कोणीतरी पडलं. वरून लोक येतच राहिले. 66 माणसं गेली. त्यांत मार्किंच नावाच्या एकाच गावची पाच शाळकरी मुलं होती. बरोबरीचा गोल ऐकून निघालेले लोक उलटे फिरले म्हणून चेंगराचेंगरी झाली, असं पुढे कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. चौकशीत निघालं की सगळे एकाच दिशेने, घरीच चालले होते. जिनाच तसा होता: उभा उतार, दोन्ही बाजूंना उंच लाकडी कुंपण, बाजूला व्हायला जागा नाही. त्याच जिन्यावर 1961 मध्ये दोन माणसं मेली होती, नंतरही लोक जखमी होत राहिले होते. 66 गेल्यावर 1975 साली ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

“मेलेल्यांवरच ढकललं बघ, दादा,” बाळू म्हणाला. “जिन्याला कोण बोलणार?”

मला एकदम राग आला, तोही स्वतःच्या शहराचा. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा पाच वर्षांत सुगम करा, असं त्यात म्हटलंय. हिशोब काय कठीण आहे? सात पायऱ्या म्हणजे साधारण मीटरभर चढ. एकास बाराच्या उताराने बारा-तेरा मीटरची उतरण पुरते. तेवढी जागा तिथे होती. तिच्यावर खास निमंत्रितांच्या तीन गाड्या उभ्या होत्या.

शेवटी दोन पोलीस मामा आणि एक शेंगदाणेवाला यांनी बाळूला उतरवलं. मी खुर्चीची उशी आणि बाळूचा मफलर घेऊन मागून उतरलो, कठडा घट्ट धरून. तसंही माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

घरी येऊन मी आयोजकांना पत्र लिहिलं. भाषा कडक, कलमांसह. पायऱ्यांची मापं बाळूने दिली, मीटर-सेंटिमीटरमध्ये. उत्तर येणार नाही अशी माझी खात्री होती, पण आलं, तेही तत्परतेने. आपल्या सूचनेची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून पुढील सामन्यापासून सदर प्रवेशद्वारावर उचलण्यासाठी चारऐवजी सहा स्वयंसेवक नेमण्यात येत आहेत, असं त्यात होतं.

बाळूला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “सहा जण आहेत तर त्यांना सांग की, एकदा त्या साहेबांना उचलून सात पायऱ्या चढवा आणि तिसरीवर फोटोला थांबा.”